विजेची सायकल घेताना आधी स्वतःचे माप घ्या

पुण्यातील आमच्या सोसायटीत राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी गेल्या वर्षी विजेची सायकल घेऊन आले. वय एकोणसाठ, गुडघे थोडे कुरकुरणारे. डॉक्टरांनी 'चालण्यापेक्षा सायकल बरी' असा सल्ला दिलेला. चढावर मोटार मदत करील, दम लागणार नाही आणि मंडईची पिशवीही आणता येईल, असा सगळा विचार करून त्यांनी चाळीस हजारांच्या आसपास रक्कम मोजली. तीन आठवड्यांनी सायकल पार्किंगमध्ये कापडाखाली गेली. गुडघा अधिकच दुखू लागला होता, तळहातांना मुंग्या येत होत्या आणि 'आपल्या वयाला हे झेपणारे नाही' असा निष्कर्ष त्यांनी काढून टाकला होता.

दोष वयाचा नव्हता, तसाच तो सायकलीचाही नव्हता. सीट पाच सेंटीमीटर खाली होती आणि हँडल त्यांच्यापासून लांब होते. दुकानात दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशा बेताने सीट बसविण्यात आली होती, आणि स्कूटरवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला तेच योग्य वाटले होते. एका पान्याने हे दोन्ही दोष दूर झाले. खर्च शून्य.

विजेची सायकल घेणारा ग्राहक एका 'चार्ज'मध्ये ती किती किलोमीटर जाते, मोटार किती वॉटची आहे, डिस्क ब्रेक आहेत का, असे प्रश्न हमखास विचारतो. 'ही माझ्या मापाची आहे का?' हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पायात घालायची चप्पल आपण चालून पाहिल्याशिवाय घेत नाही. पण ज्या वाहनावर रोज तासभर बसायचे, ते रंग आणि किंमत पाहून ठरवतो. ही चूक टाळायची तर नेमके काय पाहावे, याची ही माहिती.

मोटार चुका लपवते

सायकलीला मोटार जोडण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना अशा सायकलीचे पेटंट १८९५ मध्येच मिळाले होते. पायडल मारताना लागणारा जोर ओळखून तितक्या प्रमाणात मदत करणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली आणि आजच्या विजेच्या सायकलींचा पाया तिथे घातला गेला.

साधी सायकल मापात नसेल तर ती दहा मिनिटांतच जाणवते. मांड्या भरून येतात आणि आपण थांबतो. विजेच्या सायकलीवर दम लागत नाही, त्यामुळे चुकीच्या स्थितीतही माणूस अर्धा-पाऊण तास सहज बसून राहतो. शिवाय पायांनी जोर लावताना शरीराचा काही भार पायडलवर जातो. मोटार तो जोर कमी करते, तेव्हा हाच भार सीटवर आणि हातांवर येऊन पडतो. म्हणूनच बैठक दुखणे, मनगटे अवघडणे, बोटे बधिर होणे या तक्रारी विजेच्या सायकलीवर लवकर सुरू होतात. मोटार आहे म्हणजे मापाचे फारसे महत्त्व नाही, ही समजूत त्यामुळेच चुकीची ठरते.

पहिले माप पायाचे

सायकलीसाठी एकूण उंचीपेक्षा पायाची लांबी महत्त्वाची. एकाच उंचीच्या दोन व्यक्तींच्या पायांच्या लांबीत चार-पाच सेंटीमीटरचा फरक असू शकतो. हे माप घरच्या घरी घेता येते. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून, पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवून ताठ उभे राहावे. पुठ्ठ्याच्या बांधणीचे एखादे पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतके वर ओढावे. पुस्तकाची एक कड भिंतीला चिकटलेली असावी. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करून जमिनीपासून ते अंतर मोजावे.

या आकड्याला ०.८८३ ने गुणले असता क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मिळते. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत तीन वेळा जिंकणारे अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हे सूत्र जगभर प्रसिद्ध झाले. पायाचे माप ७८ सेंटीमीटर असेल तर सीटची उंची सुमारे ६९ सेंटीमीटर येते. अर्थात हे सूत्र शर्यतीतील खेळाडूंसाठीचे आहे. बाजारहाट करणाऱ्याने किंवा कचेरीत जाणाऱ्याने त्यातून दोन-तीन सेंटीमीटर कमी केले तरी चालते. त्याहून खाली मात्र जाऊ नये.

आकडेमोड नको असेल तर दुसरी सोपी कसोटी आहे. भिंतीला धरून सीटवर बसावे, एक पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप किंचित वाक राहतो. हा वाक साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा, असे सायकलींच्या मापाचे जाणकार सांगतात. टाच पायडलपर्यंत पोहोचवण्यासाठी कंबर एका बाजूला झुकवावी लागत असेल तर सीट फार उंच आहे, आणि टाच ठेवूनही गुडघा दुमडलेला राहत असेल तर ती फार खाली आहे.

सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा गरजेपेक्षा अधिक दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. दुखणे गुडघ्याच्या पुढच्या बाजूस जाणवते. सीट फार उंच असली की मागच्या बाजूचे स्नायू ओढले जातात आणि कंबर डावी-उजवीकडे हलत राहते. कोठे दुखते, यावरून काय बदलायचे याचा अंदाज असा करता येतो. अर्थात आधीपासूनच गुडघ्याचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी.

जमिनीला पाय टेकण्याचा आग्रह

आता सगळ्यात मोठी अडचण. सीट योग्य उंचीवर आली की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत. फार तर एका पायाचा चवडा टेकतो. स्कूटरची सवय असलेल्यांना याची भीती वाटते. ती भीती खोटी नाही. साधी सायकल चौदा-पंधरा किलोंची असते, तर विजेची वीस ते पंचवीस किलोंची. ती सिग्नलला कलंडली तर सावरणे कठीण जाते.

यावर उपाय सीट खाली करण्याचा नसून उतरण्याची पद्धत बदलण्याचा आहे. थांबताना सीटवरून पुढे सरकून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभे राहावे; निघताना एक पायडल वर आणून त्यावर उभे राहत सीटवर बसावे. जुन्या काळ्या सायकली चालवलेल्या पिढीला हे सांगावे लागत नाही. नव्याने शिकणाऱ्याने सोसायटीच्या आवारात दोन दिवस सराव केला तरी पुरते.

हे जमण्यासाठी सीटसमोरची दांडी मात्र पुरेशी खाली हवी. सायकल दोन पायांमध्ये घेऊन उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांच्यात किमान तीन ते पाच सेंटीमीटर जागा असावी. पाय उंच करून मागून टाकणे ज्यांना अवघड जाते, जे साडी, सलवार-कमीज किंवा धोतर नेसतात, ज्यांचे वय साठीपुढे आहे किंवा मागच्या कॅरिअरवर लहान मुलाचे आसन लावायचे आहे, त्यांनी खाली वाकलेल्या दांडीचीच सायकल घ्यावी. अशा सायकलीला आपल्याकडे 'लेडीज सायकल' म्हणण्याची पद्धत पडली असली तरी पुरुषांनी ती घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अनेक देशांत ज्येष्ठ पुरुष सर्रास तशाच सायकली वापरतात.

एक सायकल, दोन स्वार

बऱ्याच घरांत सायकल एकच आणि वापरणारे दोन, असा हिशेब असतो. समजा, पतीच्या पायाचे माप ८० सेंटीमीटर आणि पत्नीचे ७०. सूत्रानुसार त्यांच्या सीटची उंची अनुक्रमे सुमारे ७०.५ आणि ६२ सेंटीमीटर येते. म्हणजे फरक साडेआठ सेंटीमीटरचा! तो साधायचा तर सीटचा दांडा पान्याशिवाय, नुसत्या खटक्याने सैल-घट्ट करता येणारा हवा. दांड्यावर दोघांच्या दोन खुणा रंगाने करून ठेवाव्यात, म्हणजे रोज अंदाज बांधावा लागत नाही.

येथे दोन गोष्टी तपासाव्यात. सीटच्या दांड्यावर कंपनीने एक रेघ कोरलेली असते. ती रेघ फ्रेमच्या बाहेर दिसेल इतका दांडा वर काढणे धोक्याचे. तो वाकण्याचा किंवा फ्रेमला तडा जाण्याचा संभव असतो. दुसरे म्हणजे, सीट पूर्ण खाली केल्यावर ती किती खाली जाते, हे पाहावे. काही सायकलींत सीटखालच्या नळीतच किंवा तिच्या मागे बॅटरी असल्यामुळे दांडा खाली सरकण्यास मर्यादा येते. विजेच्या सायकलींची अनेक मॉडेले एकाच आकाराच्या फ्रेममध्ये मिळतात आणि जाहिरातीत 'सर्वांसाठी योग्य' असे लिहिलेले असते. पाच फूट उंचीच्या स्त्रीला आणि सहा फूट उंचीच्या पुरुषाला एकच फ्रेम सारखीच सोयीची असणे शक्य नाही. दोघांपैकी जो अधिक वापरणार असेल त्याच्या मापाने सायकल निवडावी.

हात, पाठ आणि मान

सीटची उंची ठरल्यावर हँडलकडे वळावे. हँडल धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली, खांदे सैल आणि मान सहज समोर पाहणारी असावी. हात ताठ होत असतील तर रस्त्यावरच्या खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट खांद्यापर्यंत पोहोचतो. शहरातल्या वापरासाठी हँडल सीटच्या उंचीइतके किंवा थोडे वर असणे चांगले. डोंगरी सायकलीसारख्या दिसणाऱ्या मॉडेलांत हँडल सरळ, लांब आणि खाली असते; ती दिसायला रुबाबदार असली तरी पाठीचे आणि मानेचे दुखणे असणाऱ्यांना सोसत नाहीत. हँडल आणि फ्रेम यांना जोडणारा तुकडा बदलून हँडल तीन-चार सेंटीमीटर जवळ किंवा वर आणता येते. त्याहून अधिक फरक लागत असेल तर फ्रेमच मापाची नाही, असे समजावे.

ब्रेकच्या मुठीही तपासाव्यात. तळहात न सरकवता दोन बोटांनी ब्रेक दाबता आला पाहिजे. लहान हातांसाठी मूठ जवळ आणणारा छोटा स्क्रू बहुतेक चांगल्या ब्रेकना असतो. ब्रेक दाबताच मोटार बंद होते की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.

सीट जितकी मऊ तितकी चांगली, असे वाटते खरे. पण अतिमऊ सीटमध्ये शरीर रुतते आणि दाब नाजूक भागावर येतो. बैठकीच्या दोन हाडांना आधार देणारी रुंदी महत्त्वाची. नालीदार पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काही क्षण बसून उठले की या दोन हाडांचे खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतील अंतरापेक्षा सीट दोन-तीन सेंटीमीटर रुंद असावी. स्त्रियांमध्ये हे अंतर सामान्यतः अधिक असते. ताठ बसून चालवणाऱ्याला रुंद, तर पुढे झुकून चालवणाऱ्याला अरुंद सीट सोयीची पडते.

मोटारही मापाचीच हवी

मोटारीच्या स्वभावाचाही आरामाशी संबंध आहे. स्वस्त सायकलींत पायडल फिरते आहे एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. पायडल अर्धी-पाऊण फेरी फिरले की मोटार एकदम सुरू होते आणि थांबवल्यावर क्षणभर उशिराने बंद होते. गर्दीत, वळणावर किंवा स्पीडब्रेकरजवळ हा झटका नवख्याला घाबरवतो. दुसऱ्या प्रकारातील सेन्सर पायाचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मदत करतो. त्याची किंमत अधिक असते, पण चालवणे साध्या सायकलीइतके सहज वाटते. ज्यांच्या गुडघ्याला जोर अजिबात सोसत नाही त्यांना मात्र पहिला प्रकारही उपयोगी पडतो. कारण पाय नुसते फिरवले तरी मदत मिळते. दोन्ही चालवून पाहूनच ठरवावे.

गिअरचाही विचार करावा. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेली, २६ इंची चाकांची बिनगिअरची सायकल पायडलच्या एका फेरीत सुमारे पाच मीटर पुढे जाते. ताशी १५ किलोमीटर वेगात मिनिटाला पन्नासच फेऱ्या होतात, आणि चढावर वेग उतरला की त्याहून कमी. इतक्या संथ फेऱ्यांत प्रत्येक वेळी गुडघ्यावर अधिक दाब येतो. उड्डाणपूल आणि चढ रोजच्या वाटेवर असतील तर गिअर असलेली सायकल घ्यावी आणि हलक्या गिअरमध्ये मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या ठेवाव्यात. मोटार आहे म्हणून जड गिअर रेटत राहू नये.

बॅटरीची क्षमता व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास यांच्या गुणाकाराने कळते. ३६ व्होल्ट आणि १० ॲम्पिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. शहरात एका किलोमीटरला साधारण १० ते १५ वॉट-तास खर्च होतात असे धरले, तर पंचवीस-तीस किलोमीटरचा भरवसा ठेवावा. जाहिरातीतील आकडा सपाट रस्ता आणि हलका स्वार गृहीत धरून दिलेला असतो. मोठ्या बॅटरीबरोबर वजनही वाढते. रोजचे जाणे-येणे बारा किलोमीटरचे असेल तर ऐंशी किलोमीटरच्या बॅटरीचे ओझे वाहण्यात अर्थ नाही. बॅटरी मागच्या कॅरिअरवर असेल तर भार उंच आणि मागे जातो, सायकल हाताळताना डुलते. ती फ्रेमच्या खालच्या नळीवर असलेली बरी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी बॅटरी काढून घरात नेता येते का, हे आधी विचारावे.

नियमाचीही एक बाब ध्यानात ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि वाहन अधिकृत चाचणी संस्थेकडून संमत झालेले असेल, तरच त्याला नोंदणी व परवान्यातून सूट मिळते. 'वेग वाढवून देतो' असे सांगणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागू नये. नियमाने सक्ती नसली तरी हेल्मेट घालावेच.

दुकानात अर्धा तास

सायकल घेण्यापूर्वी किमान वीस-पंचवीस मिनिटे ती चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. रोजचे कपडे आणि रोजची पादत्राणे घालूनच जावे. आधी सीट आपल्या मापाने लावून घ्यावी. प्रथम मोटार बंद ठेवून चालवावी. बॅटरी संपल्यावर घरी येण्याइतकी ती हलकी चालते का, हे कळते. मग मोटार सुरू करून एखादा चढ, एक अरुंद वळण आणि अचानक थांबणे, या तिन्ही गोष्टी कराव्यात. शेवटी सायकल हाताने ढकलत पार्किंगच्या उतारावरून वर आणावी आणि मागचे चाक उचलून पाहावे. दुकानदार चालवून पाहू देण्यास किंवा सीट-हँडल बदलून देण्यास तयार नसेल तर दुसरे दुकान शोधावे.

घरी आणल्यावर पहिला महिना सायकल आपल्याला आणि आपण तिला जुळवून घेण्याचा असतो. एका वेळी एकच बदल करावा, तोही अर्ध्या सेंटीमीटरचा, आणि दोन-तीन दिवस चालवून पाहावा. सीट, हँडल दोन्ही एकदम हलवले तर कशाने बरे वाटले ते कळत नाही.

आमच्या शेजाऱ्यांनी असेच केले. सीट एकदम पाच सेंटीमीटर न चढवता दर दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी वर घेतली, तोवर सिग्नलला पुढे सरकून उभे राहण्याची सवयही झाली. हँडल थोडे जवळ आणले. कापड आता पार्किंगच्या कोपऱ्यात घडी होऊन पडले आहे. सकाळी सातच्या सुमारास ते मंडईच्या दिशेने जाताना दिसतात आणि येताना मागच्या पिशवीत मेथीची जुडी असते. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण सायकलीमुळे नाही, असे ते सांगतात.